सुटीतला चित्रांचा वर्ग
अकरावीला जाणारी मुलं आणि निवृत्त आजी-आजोबा एकाच बाकावर बसून कलेचा इतिहास शिकतील, असे मे महिन्यातले वर्ग गावोगावी हवेत. सुरुवात अजिंठ्यापासून करावी. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी, त्याच्या झुकलेल्या पापण्या, हातातलं कमळ आधी दहा मिनिटं नुसतं बघू द्यावं. मग सांगावं, की हा रंग मातीच्या गिलाव्यावर, चुन्याच्या पातळ थरावर चढलाय, आणि जे. जे. स्कूलच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन १८७२पासून वर्षानुवर्षं केलेल्या प्रतिकृतींपैकी कितीतरी १८८५मध्ये लंडनच्या आगीत जळाल्या. ऐकताना जीव हळहळतो. सनावळी नंतर बघता येईल. शाळांनो, उन्हाळाभर कुलूपबंद असलेली एक खोली आणि प्रोजेक्टर तेवढा द्या.