अश्मयुगाची चूल आणि बसवनगुडीचे स्वयंपाकघर

कार्तिकातल्या अखेरच्या सोमवारी बंगळुरूच्या बसवनगुडीत दोड्ड बसवण्णाच्या देवळाभोवती भुईमुगाच्या शेंगांचे ढीग लागतात. 'कडलेकाई परिषे' या नावाने ही जत्रा प्रसिद्ध आहे. नव्या पिकाचा पहिला मान नंदीचा, मग घरोघरी शेंगा, असा तिचा परिपाठ. शहरी घरांतून आज ज्याची चर्चा ऐकू येते त्या 'पॅलिओ' आहारात मात्र याच भुईमुगाला मज्जाव आहे!

पॅलिओ म्हणजे पुराश्मयुगीन. शेतीपूर्व काळातील माणूस जे खात असे तेच आजच्या शरीरालाही मानवते, हा या विचाराचा पाया. १९८५ मध्ये बॉइड ईटन व मेल्विन कॉनर यांनी तो वैद्यकीय नियतकालिकातून मांडला आणि २००२ मध्ये लॉरेन कॉर्डेन यांच्या पुस्तकाने तो सर्वतोमुखी केला. मांस, मासे, अंडी, भाज्या व फळे चालतात; धान्ये, डाळी, दूधदुभते, साखर आणि कारखान्यातून आलेले तयार पदार्थ वर्ज्य.

इतिहासाच्या कसोटीवर हा दावा फारसा टिकत नाही. कोंबडी माणसाळली ती शेती सुरू झाल्यानंतर. मिरची तर अमेरिका खंडातून पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आली. तेव्हा अश्मयुगीन कोंबडीचा रस्सा ही मुळातच अशक्य गोष्ट. तरीही नाव बाजूला ठेवून त्यातले मर्म घ्यावे. घरी, ताज्या जिन्नसांतून आणि साखरेवाचून शिजवलेले अन्न हितकर, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

असा रस्सा मराठी गृहिणीला नवा नाही. अर्धा किलो कोंबडीला हळद, मीठ व आले-लसणाचे वाटण अर्धा तास लावून ठेवावे. दह्याऐवजी लिंबाचा रस पुरतो. दोन चमचे घाण्याच्या खोबरेल तेलात दोन कांदे तांबूस परतावेत, त्यात धने, मिरे, लवंग, दालचिनी आणि थोडे भाजलेले सुके खोबरे यांचे वाटण घालावे. दाटपणासाठी दाण्याचे कूट वा डाळे नको. खोबरे ते काम करते. कोंबडी व गरम पाणी घालून मंद आचेवर अर्धा तास, आतला गुलाबीपणा पूर्ण जाईपर्यंत शिजवावे. सोबत परतलेला नवलकोल आणि कूट न घातलेली काकडीची कोशिंबीर. यात महागडे बदामाचे पीठ नाही की परदेशी तेलाची बाटली नाही. पथ्याच्या नावाखाली महिन्याचे अंदाजपत्रक कोलमडत असेल, तर ते पथ्य नव्हे, खरेदी होय.

बसवनगुडीची ओळख १९४३ पासून चालत आलेल्या विद्यार्थी भवनाच्या डोशाची असली, तरी सामिष चवही दूर नाही. शेजारच्या जयनगरातील शिवाजी मिलिटरी हॉटेलची परंपरा १९३५ पर्यंत मागे जाते आणि तेथील पाककृतीवर मराठा वळण आहे. याच दक्षिण कर्नाटकात कोंबडीचे सारू नाचणीच्या मुद्द्याबरोबर खाल्ले जाते. पॅलिओचा कडवा पुरस्कर्ता तो मुद्दा ताटातून उचलून ठेवील. येथे त्याच्याशी मतभेद नोंदविणे आवश्यक आहे. नाचणीत कॅल्शियम व तंतू भरपूर. डाळ हा सामान्य घराचा प्रथिनांचा सर्वांत स्वस्त आधार. मर्यादा हवी ती पांढऱ्या भाताच्या ढिगाला आणि साखरेला.

हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोक मधुमेही आहेत. अनेक घरांत त्यामुळे एका माणसासाठी वेगळे पातेले चढते. तो एकटा पडतो आणि काही दिवसांतच पथ्य मोडते. त्यापेक्षा सर्वांसाठी एकच रस्सा शिजवावा आणि भाकरी वा मुद्दा ज्याच्या त्याच्या प्रकृतीप्रमाणे लहान-मोठा घ्यावा, हे अधिक शहाणपणाचे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी व मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी आहार बदलण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला अवश्य घ्यावा.

आरोग्याची पुंजी एका मोठ्या रकमेने जमत नाही. ती रोजच्या छोट्या बचतीनेच वाढते. तेलाचा एक चमचा कमी आणि भाजीची एक वाटी अधिक, एवढ्या हप्त्यांनी सुरुवात पुरेशी आहे. आणि कार्तिकी सोमवारी नंदीपुढच्या मूठभर शेंगा खुशाल खाव्यात. त्याने कोणाचेही खाते रिकामे होणार नाही.