टेबलामागचा झिरो

ग्रामीण महाराष्ट्रात ‘झिरो’ हा शब्द आकड्यापेक्षा माणसासाठी जास्त वापरला जातो. झिरो वायरमन, झिरो तलाठी, झिरो पोलीस. डीपीवरचा फ्यूज उडाला की रात्री अकराला ज्याला उठवतात, तो पोरगा महावितरणच्या कुठल्याही हजेरीपटावर नसतो. सातबाऱ्याचे विचारायला सज्जात गेलेल्या शेतकऱ्याला ‘उद्या या’ म्हणणारा माणूस बऱ्याचदा तलाठी नसतोच, तलाठ्याने आपल्या सोयीसाठी ठेवलेला मदतनीस असतो. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या प्रसिद्धिपत्रकांत अशाच माणसाचा उल्लेख ‘खासगी इसम’ असा येतो. गावाचा शब्द त्यापेक्षा नेमका आहे. काम पुरेपूर, कागदावर शून्य.

झिरो बेकायदा असतो, म्हणून त्याची बातमी होते. पण त्याचा कायदेशीर भाऊ आता जवळजवळ प्रत्येक सरकारी कार्यालयात बसला आहे. कोणी त्याला कंत्राटी म्हणते, कोणी बाह्यस्रोत, कोणी नुसते ‘एजन्सीचा माणूस’. ६ सप्टेंबर २०२३ रोजी राज्य सरकारने अतिकुशल, कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशा चारही गटांतले मनुष्यबळ पुरवण्यासाठी नऊ एजन्सी ठरवून दिल्या, तेव्हा तरुण रस्त्यावर उतरले. २० ऑक्टोबरला तो शासन निर्णय रद्द करत असल्याची घोषणा तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी केली आणि कंत्राटी भरतीचे पाप मुळात कोणत्या सरकारचे, यावर पक्षापक्षांत जुंपली. शासन निर्णय गेला. टेबलामागची माणसे होती तिथेच राहिली.

त्या वेळचा वाद कायम नोकऱ्यांचा होता, आरक्षणाचा होता, पगाराचा होता. तो रास्तच होता. पण कार्यालयात एका टेबलाला दोन खुर्च्या लावल्या, एकीवर सेवानियमांनी बांधलेला माणूस बसवला आणि दुसरीवर अकरा महिन्यांच्या कराराने बांधलेला, तर समोर उभ्या असलेल्या नागरिकाचे नेमके कोणाशी काम पडते आहे, हा प्रश्न त्या गदारोळात कोणी फारसा विचारला नाही.

कायम कर्मचाऱ्याला महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. भेटवस्तू घ्यावी की नाही, मालमत्तेची माहिती कधी द्यावी, जोडधंदा करता येतो का, हे सगळे त्यांत लिहिलेले आहे. हे नियम सर्रास मोडले जातात हा भाग वेगळा. मोडायला निदान ते आहेत. शेजारच्या खुर्चीतल्या एजन्सीच्या माणसाला ते लागू होत नाहीत. त्याचा मालक एजन्सी, आणि त्याची शिस्त म्हणजे करारात जे चार ओळींत लिहिले असेल ते. लाच घेताना सापडला तर तोही अडकतो, कारण १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचे जाळे बरेच रुंद आहे. पण लाच हा शेवटचा टप्पा झाला. त्याच्या आधी किती तरी गोष्टी घडतात. कार्यालयाच्या दारातच भावाचे झेरॉक्सचे दुकान असते. निविदेतला आकडा ओळखीच्या माणसाला चहा पिता पिता कळतो. कोणाची तरी फाइल खालून वर येते. अशा वेळी कायम कर्मचाऱ्याकडून निदान खुलासा मागता येतो. याच्याकडून मागायचा कोणी, साहेबांनी की एजन्सीने?

बदल्यांच्या कायद्याचेही तसेच. २००५ च्या या कायद्यानुसार सरकारी कर्मचारी एका जागी साधारण तीन वर्षे राहतो. कोणाचीही खुर्चीत मुळे रुजू नयेत हा त्यामागचा हेतू. कंत्राटी माणसाला बदली नाही. ठेका बदलतो, नवा ठेकेदार येतो आणि जुन्याच माणसांना ठेवून घेतो, कारण काम त्यांनाच येत असते. तहसीलदार येतात नि जातात; कोणती नोंद कुठे सापडेल, कोणाचे प्रकरण कशामुळे अडले आहे, हे ठाऊक असते ते ऑपरेटरला. डिजिटल स्वाक्षरीचे डोंगल साहेबांच्या खिशात असायला हवे, ते कित्येक ठिकाणी ऑपरेटरच्या संगणकालाच खोचलेले असते. दाखल्यावर सही साहेबांची, कळ दाबणारे बोट ऑपरेटरचे.

असा एखादा दाखला खोटा निघाला की साहेब म्हणतात, मला कल्पना नव्हती. ऑपरेटर म्हणतो, सही साहेबांची आहे. एजन्सी म्हणते, आम्ही फक्त माणूस पुरवला. आणि तिघेही खरे बोलत असतात! कायद्याचा रोख मात्र एकाकडेच. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार सेवा देण्यात कसूर झाली तर ५०० ते ५,००० रुपयांचा दंड पदनिर्देशित अधिकाऱ्याला होतो. ऑपरेटर आणि एजन्सी त्यात कुठेच नाहीत. जबाबदारी कायम माणसाची आणि प्रत्यक्ष काम हंगामी माणसाचे, अशी ही वाटणी आहे. तिच्यात कायम माणूस हळूहळू सही करणारे यंत्र होऊन बसतो, हे तो स्वतःही खासगीत कबूल करील.

दोघांची कामे वेगळी ठेवता येत नाहीत, असे मुळीच नाही. ज्याने पासपोर्ट काढला आहे त्याने ही विभागणी स्वतः पाहिली आहे. पासपोर्ट सेवा केंद्रात ‘ए’ काउंटरवर टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे कर्मचारी बसतात. फोटो काढणे, बोटांचे ठसे घेणे, कागद स्कॅन करणे एवढेच त्यांचे काम. ‘बी’ आणि ‘सी’ काउंटरवर सरकारी कर्मचारी असतात. कागदपत्रांची पडताळणी आणि पासपोर्ट द्यायचा की नाही हा निर्णय त्यांचा. खासगी माणूस वेग देतो, सरकारी माणूस निर्णय देतो, आणि दोघांच्या मध्ये एक खरीखुरी भिंत आहे. मुंबई-पुण्यातल्या लाखो लोकांनी हा फरक कोणी समजावून न सांगता अनुभवला आहे. मग तहसील कचेरीत, महापालिकेच्या वॉर्डात, जिल्हा परिषदेत असे ए-बी-सी का आखले जात नाही? कारण उघड आहे. तिथे कंत्राटी माणूस वेग वाढवायला आणलेलाच नसतो. रिकाम्या पदावर, जे काम त्या पदाचे तेच करायला तो आणलेला असतो. भिंत घालायची तर पलीकडच्या बाजूला बसायला कोणी तरी हवे.

अमेरिकेत हा घोळ आपल्यापेक्षा जुना आणि मोठा आहे. तिथल्या संघराज्य सरकारच्या खरेदी नियमांत एक साधे कलम आहे. कंत्राटदाराची माणसे सरकारी बैठकीला बसली, सरकारी फोन उचलू लागली किंवा समोरच्याला फरक कळणार नाही अशा जागी काम करू लागली, तर आपण कंत्राटदाराकडून आलो आहोत हे त्यांनी आपणहून सांगायचे. आपल्याकडे ओळखपत्र दर्शनी भागावर लावण्याची परिपत्रके निघत राहतात, पण गळ्यातले कार्ड सरकारचे की एजन्सीचे हे वाचायला नागरिकाला वाकून पाहावे लागते. अमेरिकेचे सगळेच घेण्याजोगे आहे असे नाही. २०१८ च्या डिसेंबरापासून तिथले सरकार ३५ दिवस अंशतः बंद पडले होते. नंतर सरकारी कर्मचाऱ्यांना त्या दिवसांचा पगार कायदा करून मिळाला. त्याच इमारतींत झाडू मारणाऱ्या आणि दारावर उभ्या राहणाऱ्या कंत्राटी माणसांसाठी तशी काहीच तरतूद झाली नाही.

ओळख धूसर राहिली की काय होते, हे शिक्षक पात्रता परीक्षेने दाखवले. परीक्षा घ्यायची राज्य परीक्षा परिषदेने आणि निकालाची यंत्रणा चालवायची खासगी कंपनीने, अशी रचना होती. २०२१ च्या डिसेंबरात पुणे पोलिसांनी परिषदेचे तत्कालीन आयुक्त आणि त्या कंपनीचा संचालक या दोघांनाही अटक केली. पुढे २०१९-२० च्या परीक्षेतल्या जवळपास आठ हजार उमेदवारांवर परिषदेला कारवाई करावी लागली. ठेकेदारावर लक्ष ठेवायला सरकारी माणूस आणि सरकारी माणसाला काम हलके करून द्यायला ठेकेदार, ही मांडणी कागदावर छान दिसते. दोघे एकाच बाजूला जाऊन बसले तर लक्ष ठेवायला उरते कोण?

रस्त्यावरही तेच. बेस्टच्या भाडेतत्त्वावरील बसगाड्यांत बस ठेकेदाराची, चालक ठेकेदाराचा, तिकीट फाडणारा वाहक बेस्टचा. प्रवाशाला दिसते ती फक्त लाल बस. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्यात अशीच एक इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली. सात माणसे गेली, पुढे मृतांचा आकडा वाढला. चालक ठेकेदाराकडचा होता आणि या प्रकारच्या बसचा त्याचा सराव अगदी थोड्या दिवसांचा होता. प्रशिक्षण किती दिवसांचे द्यायचे हे बेस्टने पाहायचे की ठेकेदाराने, यावर अपघातानंतर बरीच चर्चा झाली. ती ठेका देताना व्हायला हवी होती. याच बसगाड्यांचे कंत्राटी चालक २०२३ च्या ऑगस्टमध्ये संपावर गेले होते. पगारवाढीबरोबर त्यांची एक मागणी बेस्टच्या बसमधून मोफत प्रवासाची होती. दिवसभर जी बस चालवायची, तिने घरी जायचे तर तिकीट काढायचे!

या मागणीला कोणी किरकोळ म्हणेल. पण कायम आणि कंत्राटी माणूस शेजारी बसतात तेव्हा अन्यायाचे रोजचे रूप असेच किरकोळ असते. डबा एकत्र खायचा नाही असे कोणी सांगत नाही, तरी दिवाळीच्या बोनसच्या दिवशी एक टेबल गप्प असते. सुट्टीच्या दिवशी साहेबांच्या मुलीच्या ॲडमिशनचा फॉर्म कंत्राटी ऑपरेटर भरतो, आणि त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, कारण मुदतवाढीच्या कागदावर शिफारस साहेबांची लागते. अकरा महिने झाले की एक-दोन दिवसांचा ‘तांत्रिक खंड’ देऊन पुन्हा आदेश काढण्याची युक्ती प्रशासनात सगळ्यांना ठाऊक आहे. ज्याची भाकरी अशी दर वर्षी तराजूत घातली जाते, त्याने साहेबांचे चुकीचे काम पाहिले तर तो कुठे तक्रार करणार? कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने कर्मचाऱ्याच्या व्याख्येत ठेकेदारामार्फत आलेल्या बाईलाही घेतले आहे. समितीपुढे जायचा हक्क तिला आहे. पण समितीचा निकाल लागेपर्यंत तिचा करार टिकेल, याची हमी कोणताच कायदा देत नाही.

न्यायालयांनी हे पाहिलेले नाही असे नाही. २०१६ मध्ये जगजित सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही समान कामासाठी समान वेतनाचे तत्त्व लागू केले. २० डिसेंबर २०२४ रोजी जग्गो प्रकरणात, केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षे सफाई आणि बागकाम करणाऱ्यांना सेवेत कायम करण्याचा आदेश दिला, आणि तात्पुरत्यांना कायम होण्याचा हक्क नाही म्हणणाऱ्या २००६ च्या उमादेवी निकालाची ढाल पुढे करून अशा माणसांना दूर ठेवण्याच्या सरकारी सवयीवर बोट ठेवले. पण सरकारची लेखणी न्यायालयाच्या एक पाऊल पुढे असते. तात्पुरता म्हटले की खटला हरतो, मग एजन्सीचा म्हणा. एजन्सीचा म्हटले की ओरड होते, मग प्रशिक्षणार्थी म्हणा. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत शिक्षणानुसार सहा, आठ किंवा दहा हजार रुपये विद्यावेतनावर तरुण कार्यालयांत बसवले गेले. सहा महिन्यांची मुदत पुढे अकरा झाली आणि काम शिकलेली ती मुले आम्हाला कायम करा म्हणून आंदोलनाला बसली. त्याआधीपासून ‘आशा’ आहेत, त्या तर स्वयंसेविका. त्यांना वेतन नाही, मोबदला आहे. मराठीत पगाराला इतके पर्यायी शब्द असतील, हे सरकारी कागद वाचल्याशिवाय कळत नाही.

या शब्दखेळाचा उत्तम नमुना मुंबई महापालिकेने घालून दिला. कंत्राटी कामगार कायदा तेव्हा २० माणसांपासून लागू होत असे (आज ती संख्या ५० आहे), म्हणून कचरा उचलण्याची कंत्राटे अशी तोडली गेली की एकेका कंत्राटात त्याहून कमी माणसे दिसावीत, आणि त्या माणसांना कामगार न म्हणता ‘स्वयंसेवक’ म्हटले गेले. पालिकेच्याच गाडीवर, पालिकेच्याच मुकादमाच्या हाताखाली, कायम सफाई कामगारांच्या बरोबरीने हे स्वयंसेवक कचरा भरत होते. कचरा वाहतूक श्रमिक संघाने हे प्रकरण औद्योगिक न्यायाधिकरणात नेले. तिथे कंत्राट हा देखावा ठरला, उच्च न्यायालयाने ते मान्य केले आणि ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयात २,७०० कामगारांच्या कायम होण्यावर शिक्कामोर्तब झाले.

त्यानंतर पालिकेने नावे तपासायला घेतली. यादीतले नाव आणि कामगाराच्या हातातल्या कागदावरचे नाव यांत एखाद्या अक्षराचा फरक निघाला की प्रकरण बाजूला पडे, आणि अशी शेकडो प्रकरणे निकालानंतरही अडकून राहिली. ती माणसे सकाळी पुन्हा गाडीवर जात होती. हजेरी घेणाऱ्या मुकादमाला ते नाव कसे लिहायचे, याची अडचण तेव्हाही आली नव्हती.