शिष्यवृत्ती गाण्याची की खेळाची?

वस्तीतले पोर जयंतीला भीमगीते गाते आणि शाळेच्या मैदानावर सर्वांपुढे धावते. शिष्यवृत्तीची वेळ आली की आईबापांना प्रश्न पडतो, गाणे की खेळ? आम्ही म्हणतो, आधी अटी वाचा. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत निवासी प्रवेश घेतला तर मुलाला घर सोडून राहावे लागते. केंद्राच्या सीसीआरटीची सांस्कृतिक शिष्यवृत्ती १० ते १४ वयोगटासाठी आहे. मूल आपल्याच शाळेत राहून गुरूकडे शिकते. तिच्यासोबत संध्याकाळचे मैदान टिकते. प्रबोधिनीत रियाज टिकणे कठीण.

पण खरी कसोटी एकच, पुस्तक सुटता कामा नये! पी. बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले, तरी जातीमुळे हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ही व्यवस्था गुणांना टाळ्या देते, अधिकार देत नाही. बाबासाहेब बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबियात गेले आणि विद्येच्या बळावर अधिकाराच्या जागी पोचले.

शिष्यवृत्ती ही भीक नव्हे, हक्क आहे. निवड मुलाला विचारून करा. आणि जयंती मंडळांनो, डीजेचा खर्च आवरा. वस्तीतल्या पोरांचे अर्ज मुदतीत भरून द्या!