चैत्रातली आग, आश्विनातले जाळे

वणव्याची बातमी आपल्याकडे उन्हाळ्यात येते आणि पहिल्या पावसाबरोबर विझते. कळमनुरीच्या डोंगरात, औंढ्याच्या माळावर, पैनगंगा ओलांडून पुसद-उमरखेडच्या बाजूला आग लागली, इतके हेक्टर गवत गेले, वन कर्मचाऱ्यांनी हिरव्या डहाळ्यांनी झोडपून ती आटोक्यात आणली, असा चार ओळींचा मजकूर आतल्या पानावर छापून येतो. मग मृग लागतो, माळ हिरवा होतो आणि झाले गेले कयाधूला मिळाले असे समजून आपण मोकळे होतो. ते खरोखरच कयाधूला मिळते, हे मात्र कोणी लिहीत नाही.

मी डोंगरकड्याचा. गाव नांदेड-हिंगोली पट्ट्यातले, केळीचे आणि उसाचे. बाहेरचा माणूस आमच्या भागाला बागायती म्हणूनच ओळखतो. पण बाळापूर-शेवाळ्याकडे कयाधूच्या काठाने चालत गेले, की दुसरे एक जग लागते. वाशीम जिल्ह्यात रिसोडच्या बाजूला उगम पावलेली ही नदी हिंगोलीवरून येते आणि पुढे पैनगंगेला मिळते. उन्हाळ्यात तिचे डोह तेवढे उरतात. या डोहांवर भोई, कोळी, कहार अशी काही घरे पिढ्यान् पिढ्या जगत आली. त्यांच्या वहीत शेतीसारखाच हंगाम असतो, फक्त तो शरदात येतो.

शरदच का? आषाढ-श्रावणात नदी गढूळ आणि बेभान असते. रोहू, कटला, मृगळ पुराच्या पाण्यात अंडी सोडतात. मरळ काठच्या लव्हाळ्यात, पाणगवतात घर करते आणि पिले हिंडू लागेपर्यंत नर-मादी राखण करतात. भाद्रपद संपता संपता पूर ओसरतो, पाणी निवळते, पसरलेला मासा पुन्हा डोहात गोळा होतो. तेव्हाच गिऱ्हाईकही परत येते. श्रावण पाळणारे, गणपती-महालक्ष्म्यांत न खाणारे, नवरात्राचे उपास करणारे, असे सगळे दसरा उलटला की बाजारात मरळ आहे का विचारू लागतात. (चातुर्मास काटेकोर पाळणारे कार्तिकी एकादशीपर्यंत थांबतात, पण त्यांची संख्या आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. आमच्याकडे आई होती तोवर माशाची चूल अंगणात मांडावी लागे, आणि वास मात्र देवघरापर्यंत जाई.) दसरा ते दिवाळी या तीन आठवड्यांत जाळ्यात जे येते, त्यावर त्या घरातली दिवाळी ठरते. पोरांचे कपडे, किराण्याची उधारी, फाटलेल्या जाळ्याचा नवा दोरा, सगळे त्यातूनच.

या हंगामाविषयी काठावरच्या एका म्हाताऱ्या भोयाशी बोलत होतो. तो म्हणाला, ‘‘पाणी निवळलं गुरुजी, पण मासा कुठंय? डोहात कमरेइतका गाळ बसलाय. वर डोंगर जळाला का खाली आमचं जाळं हलकं होतंय.’’ शाळेत भूगोल शिकवणाऱ्या माणसाला याहून नेमके वाक्य सुचले नसते.

तो म्हणतो ते कसे घडते, ते पाहण्याजोगे आहे. आपल्या पानगळीच्या जंगलात वणवा बहुधा जमिनीलगत धावतो. मोठे सागवान काळवंडते, पण उभे राहते, म्हणून पाहणाऱ्याला वाटते फारसे काही गेले नाही. गेलेले असते ते गवत आणि पालापाचोळा, म्हणजे नेमके मातीचे पांघरूण. मृगाची पहिली मोठी सर या उघड्या उतारावर पडते, पाणी मुरायच्या आत पळते आणि राख व माती घेऊन ओढ्यात उतरते. राख क्षारयुक्त असते. तिच्याबरोबर अर्धवट जळलेला काडीकचरा येतो. तो पाण्यात कुजताना पाण्यातलाच प्राणवायू खातो. आणि हे सारे येते केव्हा? डोहात वर्षातले सर्वांत कमी पाणी असते आणि बीज देणारे जुने मासे त्यातच दाटीवाटीने तग धरून असतात तेव्हा. उरलेले काम गाळ करतो. दगडावरचे शेवाळ, ज्यावर लहान मासे चरतात, ते झाकले जाते. दगडांतल्या कपारी बुजतात, वामीला लपायला जागा राहत नाही. आग काठापर्यंत आली असेल तर लव्हाळे आणि जांभूळ-करंजांची सावलीही जाते. डोह उथळ झाला, पाणी तापले, की मरळीने घर मांडायचे कुठे?

परदेशात हेच दृश्य भयंकर स्वरूपात दिसले. ऑस्ट्रेलियातल्या २०१९-२० च्या वणव्यांनंतर जानेवारी २०२० मध्ये पाऊस आला. लोकांनी हुश्श केले, आणि मॅकली नदीत राख-चिखलाचा लोंढा उतरून मेलेल्या माशांचा खच पडला. अमेरिकेत कॅलिफोर्नियात जुलै २०२२ च्या अखेरीस मॅकिनी नावाचा वणवा भडकला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्या जळलेल्या उतारावर पाऊस झाला आणि क्लामथ नदीत इतका चिखल आला, की काही तास पाण्यातला प्राणवायू जवळजवळ शून्यावर गेला. हजारो मासे मेले. ही मोजणी केली आणि जगाला सांगितली ती नदीकाठी राहणाऱ्या कारुक या आदिवासी जमातीने. शरदात परतणारा सामन मासा हाच त्यांचा आहार आणि तोच त्यांचा सण. नदीचे दुखणे आधी त्यांनाच कळणार. कारुक लोक आगीचे शत्रू नाहीत, हेही सांगितले पाहिजे. योग्य वेळी थोडे थोडे जाळून जंगल मोकळे ठेवण्याची त्यांची जुनी रीत आहे. सरकारने ती बंद पाडली, कचरा साठत गेला, आणि मग जे पेटले ते आवरेना, असे त्यांचे म्हणणे.

आपल्याकडे मेलेल्या माशांचा असा खच दिसत नाही, म्हणून बातमी होत नाही. इथे डोह वर्षाला थोडा थोडा रिकामा होतो.

सगळा दोष वणव्याच्या माथी मारणे अर्थात खोटे ठरेल. वाळूउपशाने नदीची हाडे काढली आहेत. ब्लीचिंग पावडर टाकून, सुरुंगाच्या कांड्या फोडून एका रात्रीत डोह साफ करणारे महाभाग गावोगाव आहेत. शेतातली औषधे ओढ्यात उतरतात. पैनगंगेचे पाणी तर ईसापूर धरणाच्या दरवाजांवर चालते. पण वाळू आणि विष यांवर निदान ओरड होते. डोंगरावरची आग आणि डोहातला मासा यांचा संबंधच आपण जोडलेला नाही.

आग लावतो कोण? मोहाची फुले वेचायला जमीन साफ हवी म्हणून कोणी पाला पेटवतो. तेंदूला नवी पालवी फुटावी, गुरांना कोवळे गवत यावे म्हणूनही काडी लागते. या माणसांना नुसते गुन्हेगार म्हणून हात झटकणे मला पटत नाही, त्यांचे पोटही त्याच डोंगरावर आहे. राखीव जंगलात आग लावणे १९२७ च्या वन कायद्यानेच गुन्हा आहे. शंभर वर्षे होत आली, काडी ओढली जातेच आहे. आणि आम्ही बागायतदार काय करतो? ऊस तुटला की पाचट पेटवतो, बांध पेटवतो, वारा सुटला की घरात जाऊन बसतो. ओढ्याकाठची किती झाडी आमच्या पाचटाने खाल्ली, त्याची नोंद कोणत्याही वन खात्यात सापडायची नाही. पाचट सरीत कुजवले तर खत होते, हे कृषी खाते किती वर्षे सांगत आहे.

खरी अडचण कागदाची आहे. आग वन खात्याची, गाळ पाटबंधाऱ्यांचा, मासा मत्स्यव्यवसाय खात्याचा आणि पंचनामा महसूलचा. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम वन खाते धरते आणि त्याआधी जाळरेषा काढते. उपग्रहावरून आगीची सूचनाही आता येते. इतके होऊन जळालेल्या डोंगराखालच्या डोहात काय झाले, हे विचारायला कोणी जात नाही. पुरात नाव किंवा जाळे गेले तर मदतीच्या निकषांत त्याला जागा आहे. जाळे शाबूत आहे आणि आत काही येत नाही, याला रकाना नाही.

महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. चांगले झाले. त्याचा मुख्य लाभ तळी, शीतगृहे, वीजदर यांना होईल. नदीकाठच्या भोयाकडे ना तळे ना शीतगृह. पण शब्द दिला आहे तर तो त्याच्यापर्यंतही यावा. गारपिटीनंतर तलाठी शेताच्या बांधावर येतो, तसा वणव्याच्या वर्षी आश्विनात तो डोहावरही यावा. जाळरेषा आखताना ओढ्याच्या दोन्ही काठांचा पट्टा सोडावा. जळालेल्या उतारावर मृगाआधी दगड-फांद्यांचे छोटे बांध घालावेत, म्हणजे राख वरच अडेल. हे काम रोजगार हमीतून व्हावे आणि ते मोह-तेंदू वेचणाऱ्यांनाच द्यावे. धरणातला गाळ काढून शेतात टाकण्याची योजना सरकारने २०१७ मध्ये काढली. तो डोंगरावरून खालीच येऊ नये, यावर त्याच्या किती तरी कमी पैसा लागेल.

आणि डोहात गाळ किती, मासा कोणता उरला, हे मोजायला बाहेरून तज्ज्ञ आणायची गरज नाही. काठी बुडवून खोली सांगणारी माणसे अजून काठावर आहेत. त्यांची पोरे मात्र नांदेडला, पुण्याला बांधकामावर निघून गेली आहेत. दिवाळीला ती घरी येतात तेव्हा बाजारातून आंध्रातला बर्फातला मासा विकत आणतात.