यादीतला दहावा प्रश्न

एमआरआयची चिठ्ठी लिहिणे हा आपल्या व्यवसायाचा नित्याचा भाग झाला आहे. बहुतेक यंत्रांतील चुंबकाची नायोबियम-टायटॅनियमची तार द्रव हेलियमच्या साहाय्याने सुमारे उणे २६९ अंश सेल्सिअसला ठेवलेली असते आणि एकदा सोडलेला विद्युत्प्रवाह तीत वर्षानुवर्षे विनारोध वाहत राहतो, याचा मात्र आपणांस सहसा विसर पडतो. ही किमया अतिसंवाहकतेची.

हाइके कामरलिंग ओनेस यांना १९११ साली लायडन येथे पाऱ्यात हा गुणधर्म आढळला. परंतु त्याची समाधानकारक उपपत्ती लाभण्यास १९५७ साल उजाडावे लागले. अतिशीत धातूत इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जुळतात व त्या सर्व एकाच सामायिक अवस्थेत वावरतात, असे जॉन बार्डीन, लिऑन कूपर व रॉबर्ट श्रीफर यांनी दाखविले. श्रीफर तेव्हा इलिनॉय विद्यापीठात पीएच.डी.चे विद्यार्थी होते. बार्डीन यांनी पुढे ठेवलेल्या दहा प्रश्नांतून त्यांनी दहावा, भल्याभल्यांना चकविणारा प्रश्न उचलला. पुढे १९६२ साली केंब्रिजच्या ब्रायन जोसेफसन या बावीस वर्षांच्या संशोधक विद्यार्थ्याने याच उपपत्तीवरून एक नवे भाकीत केले. मेंदूचे अतिक्षीण चुंबकीय क्षेत्र मोजणारी 'स्क्विड' उपकरणे त्यातूनच साकारली.

तात्पर्य, हे कार्य विद्यार्थिदशेतच घडले. तरीही आपल्या मंडळींच्या घरात एखाद्या मुलाने वा मुलीने सैद्धांतिक भौतिकशास्त्राचे नाव काढले, की 'त्याचा उपयोग काय?' हा प्रश्न प्रथम येतो. उपजीविकेची चिंता खोटी नव्हे. विद्यावेतन बेताचे, कायमच्या जागा मोजक्या आणि पुंजयामिकीच्या गणितात घालविलेल्या पहिल्या दोन-तीन वर्षांचे दृश्य फळ काहीच नाही. पण एमबीबीएस, एमडी व डीएम करीत तिशी ओलांडणाऱ्यास आपण धीर देतोच ना? तोच धीर या विद्यार्थ्यास का नसावा?

१९८६ साली बेडनॉर्झ व म्यूलर यांनी झ्युरिकजवळ शोधलेल्या ताम्र-ऑक्साइडांतील अतिसंवाहकतेची सर्वमान्य उपपत्ती आजतागायत सापडलेली नाही. हे कोडे सोडवू पाहणारा विद्यार्थी आपल्या घरातही असू शकेल. त्याला पुस्तके, वेळ आणि मुख्यतः आपला विश्वास हवा आहे. तो देणे आपल्या हाती आहे.