आडोशाला उंच झाड नको

नवं घर बांधलं, ओट्यावर दोन खुर्च्या टाकल्या, आणि पहिल्याच संध्याकाळी लक्षात आलं की समोरच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरची खिडकी थेट आपल्या चहाच्या कपात डोकावते आहे. पलीकडच्या माणसांचा काही दोष नाही, त्यांनी खिडकी तरी किती वेळ बंद ठेवायची? पण आपल्या दारात पाय पसरून बसता येईना, न्हालेले केस मोकळे सोडून उन्हात उभं राहता येईना. मग आपण नर्सरीत जातो आणि म्हणतो, "लवकर वाढणारं, उंच, कायम हिरवं असं काहीतरी द्या." बंगल्यात आणि रो-हाउसमध्ये राहणाऱ्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, हे वाक्य नर्सरीत बोलू नका.

मी ते बोलले होते. मला चौदा उभे अशोक मिळाले, दोन-दोन फुटांवर कंपाउंडला चिकटून लावले. पहिली तीन वर्षं काय रुबाब होता! जमिनीपासून शेंड्यापर्यंत हिरवीगार लोंबती पानं. सातव्या वर्षी झाडं छपराच्या वर गेली, आणि दाटीत ऊन न मिळाल्यामुळे खालच्या फांद्या एकेक करून वाळल्या. ओट्यावरून आता हिरवी भिंत दिसत नव्हती. गजांसारखी चौदा खोडं दिसत होती, आणि त्यांच्या फटींतून तीच खिडकी. फळं धरली की रात्री वटवाघळं यायची, सकाळी वाळत घातलेल्या चादरीवर चघळलेला चोथा आणि गाडीवर डाग. वटवाघळांवर माझा राग नाही, ती त्यांचं पोट भरतात. पण वाळवणाच्या दोरीवर मीच त्यांना ताट वाढून ठेवलं होतं.

हा अशोक मुळात आपला सीतेचा अशोक नव्हे. दोन्ही झाडं वेगळी, कुळंही वेगळी. आणि एकदा झाड वाढलं की ते काढणंही सोपं नाही. महाराष्ट्रातल्या शहरी हद्दीत १९७५च्या झाडं जतन करण्याच्या कायद्याप्रमाणे स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. ती लागावी हे मला मान्यच आहे. म्हणून तर लावण्याआधी विचार करायचा.

आडोसा म्हणजे उंची नव्हे. नजर ज्या वाटेने येते ती वाट अडवणं म्हणजे आडोसा. हे एकदा नीट समजलं की निम्मी झाडं कमी लागतात. आमच्याकडे मी काय केलं ते सांगते. ओट्यावर खुर्चीत बसल्यावर माझे डोळे अंगणाच्या पातळीपासून साधारण ५ फुटांवर येतात. समोरच्या खिडकीत उभ्या माणसाचे डोळे धरा १५ फुटांवर. मधलं अंतर ३० फूट. म्हणजे त्यांची नजर दर तीन फुटांना एक फूट उतरत माझ्याकडे येते. कंपाउंड माझ्यापासून १८ फुटांवर आहे, तिथे ती अडवायची तर ११ फुटांचं झाड हवं. पण माझ्या खुर्चीपासून सहा फुटांवर? फक्त ७ फूट. शिवाय डोळ्यांजवळ धरलेला हात अख्खा डोंगर झाकतो, तसं खुर्चीजवळची तीन झुडपं जेवढं झाकतात, तेवढं झाकायला कंपाउंडपाशी आठ-नऊ लागतात. उभं राहून वावरायचं असेल तर फूट-दीड फूट वाढवून घ्या.

याला टेप आणि आकडेमोडही लागत नाही. घरातल्या कुणाला तरी एका उंच काठीला ओढणी बांधून अंगणात उभं करा. तुम्ही नेहमीच्या जागी बसा आणि त्यांना पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे सरकवत राहा. खिडकी ओढणीआड गेली की काठी टेकली असेल तिथे खूण करा आणि ओढणी किती उंचीवर आहे ते मोजून घ्या. हाच खेळ स्वयंपाकघराच्या खिडकीतून आणि न्हाणीघराच्या दारातून खेळा. बहुतेक घरांत असं दिसतं की आड हवी अशा जागा दोन किंवा तीन आहेत. उरलेली सगळी बाजू मोकळी राहू दे, वैशाखात तिकडूनच वारा येणार आहे.

आता झाड कोणतं? ज्याची स्वतःची वाढच सात ते बारा फुटांशी मंदावते आणि जे जमिनीपासून फुटतं, ते. माझी पहिली पसंती कुंतीला. काहीजण तिला कामिनी म्हणतात. पानं बारीक, चकचकीत, गर्द, वर्षभर टिकणारी. अर्ध्या सावलीतही तग धरते, कात्री लावली की आणखी दाट होते. पावसाची चांगली सर येऊन गेली की काही दिवसांत सगळं झुडूप एकदम पांढरं होतं, आणि त्या एक-दोन रात्री खिडक्या बंद कराव्याशा वाटत नाहीत. नंतर तांबडी फळं धरतात आणि बुलबुल येतात. फक्त एक सांगून ठेवते. तुमच्या शेजारी संत्र्या-मोसंबीची बाग असेल, विदर्भात किंवा जालन्याकडे ती असतेच, तर कुंती लावू नका. लिंबूवर्गीय झाडांना ग्रीनिंग नावाचा रोग देणारी सिला कीड कुंतीवर आवडीने राहते. शेजाऱ्याच्या पोटावर पाय देऊन आपला आडोसा नको.

दुसरा अडुळसा. याला फार कमी लेखतात, कारण तो फुकट मिळतो. गावाकडे कितीतरी परसांच्या कडेला तो उभा असतो. गुडघाभर फांदी तोडून पावसाळ्यात खोचली की रुजते, शेळी त्याला तोंड लावत नाही, पाणी कमी पडलं तरी रुसत नाही. सात-आठ फुटांपर्यंत जातो आणि खालपासून भरलेला राहतो. पानं मोठी आहेत, शहरी डोळ्याला थोडी राकट वाटतील. मला ती आवडतात. पैशाची ओढाताण असेल किंवा आड लांबलचक हवी असेल, तर डोळे मिटून अडुळसा लावा.

कढीपत्ता घरोघरी असतो, पण तो आडोशाला लावावा असं कुणाच्या मनात येत नाही. थंडीत काही ठिकाणी तो विरळ होतो हे खरं, म्हणून एकटा नको, कुंतीच्या किंवा तगरीच्या मध्ये लावा. शेंडा खुडत राहिलात तर खालून फुटवे येतात, आणि रोजच्या फोडणीसाठी तो खुडला जातोच. कधी त्याच्या पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काहीतरी दिसेल. पुसायला जाऊ नका. जवळून पाहिलंत तर ती हळूच डोकं हलवते. ती फुलपाखराची अळी असते. लिंबाच्या पानावरही अशाच अळ्या दिसतात, आणि त्यांतली एखादी आपल्या राज्य फुलपाखराची, ब्लू मॉरमॉनचीही असू शकते. चार पानं तिला द्यावीत.

ज्यांना धीर आहे त्यांनी अंजनी लावावी. महाबळेश्वरच्या पठारावर वाऱ्याने खुरटलेल्या गर्द रानात जी फुटाफुटाला दिसते, तीच ही. उन्हाळा लागता लागता तिच्या फांद्यांना निळे-जांभळे झुबके चिकटतात. फार सावकाश वाढते, म्हणून नर्सरीवाले ठेवत नाहीत. आपण मागत राहिलो तर ठेवतील. कोकणात आणि गोव्यात जागा बरी असेल तर रातांब्यासारखं आडोशाचं झाड नाही. फांद्या खाली झुकलेल्या, कोवळी पालवी लालसर, सुरेख निमुळता आकार. वयात आल्यावर ते उंच होतं, पण त्याला वर्षं लागतात. रातांब्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. नर निघालं तर सोलं मिळणार नाहीत, आडोसा मात्र तेवढाच मिळेल. सीतेचा अशोकही सावलीच्या, ओलाव्याच्या जागेत शोभतो. पण देशावर दुपारचं कडक ऊन आणि कोरडा वारा त्याची पानं करपवतो, तिथे त्याला छळू नका.

कण्हेर आणि पिवळी बिट्टी सदाहरित आहेत, काटक आहेत, रस्त्याच्या दुभाजकांवर छान दिसतात. घरात लहान मूल असेल तर दोन्ही नकोत. दोन्ही विषारी आहेत, बिट्टीचं बी तर फारच. आणि हल्ली जिकडेतिकडे दिसणारा कोनोकार्पस कुणी फुकट दिला तरी घेऊ नका. तांबड्या समुद्राकडचं हे झाड, सोमालिया-येमेनच्या बाजूचं. झपाट्याने हिरवी भिंत उभी करतं खरं, पण मुळं पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या नळांत शिरतात आणि परागांचा दम्याच्या माणसांना त्रास होतो, अशा तक्रारी आल्या. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली.

लावायचं ते जूनच्या अखेरीस, दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर. सहा फुटी तयार झाड घेण्याचा मोह होतो. त्याची पिशवी जरा फाडून बघा, मुळं आतल्या आत गोल गोल वळलेली असतात. दीड-दोन फुटांचं रोप घ्या, दोन-तीन वर्षांत ते त्याला गाठतं आणि पक्कं उभं राहतं. कुंती अडीच ते तीन फुटांवर, अडुळसा दोन फुटांवर, आणि एका सरळ ओळीत नको, नागमोडी. त्याने फटी झाकल्या जातात. कंपाउंडपाशी लावायचंच असेल तर भिंतीपासून तीन फूट आत या, म्हणजे मागची छाटणी आपल्याच अंगणात उभं राहून करता येते. काळ्या मातीत पाया असेल तर मोठं झाड भिंतीजवळ नकोच. ती माती पाण्याने फुगते, सुकली की भेगाळते, आणि मोठी मुळं तिला आणखी सुकवतात. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी द्या आणि बुंध्याशी पालापाचोळ्याची वीतभर गादी ठेवा. तो जाळू नका. आणि रोपं आणण्याआधी शेजारी एकदा जाऊन सांगून या की आम्ही इथे झाडं लावतोय. खिडकी त्यांचीही आहे.

छाटताना खालचा घेर वरच्यापेक्षा थोडा रुंद ठेवा. वर रुंद झालं की खालच्या पानांवर सावली पडते आणि माझ्या चौदा अशोकांसारखे पाय उघडे पडायला सुरुवात होते. कात्री लावण्याआधी मात्र फांद्या बाजूला करून आत बघा. मागच्या श्रावणात मी कात्री घेऊन अडुळशापाशी गेले, तर दोन पानं एकमेकांना टाके घालून शिवलेली होती. आत कापसाची गादी आणि शिंपी पक्ष्याची तीन इवली अंडी. त्या बाजूची छाटणी मी दसऱ्यानंतर केली.