बाटली, बरणी आणि एक-पंचमांश

शाळेकडून ‘बेस्ट आउट ऑफ वेस्ट’चा निरोप आला की आईबाबांची स्टेशनरीच्या दुकानाकडे धाव सुरू होते. चमकी, रंगीत कागद, नव्या कोऱ्या स्ट्रॉ, थर्माकोल. टाकाऊतून टिकाऊ करायला दीड-दोनशे रुपयांचा नवा माल लागतो, आणि तयार झालेली फुलदाणी प्रदर्शन संपलं की कचरागाडीत जाते. मुलाच्या वाट्याला त्यात फार तर डिंक लावायचं काम येतं. आणि हे बहुतेक वेळा विज्ञान प्रदर्शनात मांडलं जातं, हे विशेष.

घरातला अटाला (इंदूरबाहेरच्या वाचकांसाठी: भंगार) विज्ञानाच्या वर्गात खरंच कामाचा आहे. तो फुकट मिळतो हा फायदा आहेच, पण मोठा फायदा हा की तो मोडला, फुटला, बिघडला तरी कुणी रागावत नाही. शाळेचं काचसामान कुलपात असतं, कारण फुटलं तर रजिस्टरमध्ये नोंद करावी लागते. बाई वर्षातून एकदा ते काढतात, एकदा प्रयोग करून दाखवतात आणि मागच्या बाकावरची मुलं माना उंचावून बघतात. प्रयोग एकदाच झाला तर पुस्तकात लिहिलंय ते मान्य करण्यापलीकडे काही उरत नाही. दहा वेळा करता आला, तर पुस्तकालाही प्रश्न विचारता येतात.

मेणबत्तीचा प्रयोग घ्या. तुम्हीआम्ही सगळ्यांनी तो शिकलेला आहे. ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वरून पालथा ग्लास. मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात चढतं. का? तर म्हणे आतला ऑक्सिजन जळून संपला, हवेत ऑक्सिजन एक-पंचमांश असतो, म्हणून पाणीही तेवढंच चढलं. किती छान जुळतं! परीक्षेत दोन मार्क.

आता लोणच्याची रिकामी काचेची बरणी घ्या आणि आपल्या मंडळाच्या रविवारच्या वर्गात मुलांनी केलं ते करा. आधी एक मेणबत्ती लावून पाणी किती चढतं त्याची खूण स्केचपेनने बरणीवर करा. मग तीच बरणी, तेवढंच पाणी, पण वाढदिवसाच्या केकवरच्या उरलेल्या तीन मेणबत्त्या एकत्र लावून पुन्हा तेच. आमच्या धंद्यात याला फार मान आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळत नाही. (आगीचं काम आहे, मोठ्या माणसाने समोर बसायलाच हवं.)

तीन मेणबत्त्यांना पाणी बरंच जास्त चढतं. बरणी तीच, म्हणजे आतली हवा आणि तिच्यातला ऑक्सिजनही तेवढाच. मग पाणी जास्त का? मुलं इथे गप्प होतात, आणि ही शांतता मला फार आवडते.

थोडं थांबून आणखी दोन गोष्टी बघायला सांगायच्या. एक, पाणी कधी चढतं? मेणबत्ती जळत असताना जेमतेम हलतं. ज्योत विझल्यावर भर्रकन वर जातं. ऑक्सिजन जळण्यामुळे चढत असतं तर जळतानाच हळूहळू चढायला हवं होतं. दोन, बरणी ठेवताच तिच्या काठाखालून बुडबुडे बाहेर येताना दिसतात. बहुतेक वेळा हे एखादं मूलच पहिल्यांदा ओरडून सांगतं.

मग कोडं सुटत जातं. ज्योतीने बरणीतली हवा तापते, फुगते, आणि तिच्यातली काही बाहेर पडते. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. तीन मेणबत्त्यांनी हवा जास्त तापते, जास्त बाहेर जाते, म्हणून पाणी जास्त चढतं. आणि ऑक्सिजन सगळा संपतही नाही. हवेत तो सुमारे २१ टक्के असतो. १६ टक्क्यांच्या आसपास आला की मेणबत्ती विझते. शिवाय जळताना कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तो जागा अडवतोच. एक-पंचमांशाचं जुळणं हा बराचसा योगायोग.

सातवीतल्या एका मुलीने यावर विचारलं, “दादा, मग पेपरात काय लिहू?” याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. गाइडमधलं लिही म्हणावं तर सकाळची सगळी मेहनत पाण्यात, आणि बघितलेलं लिही म्हणावं तर तिचे दोन मार्क मी घालवणार. मी म्हटलं, शाळेत बाईंना तीन मेणबत्त्या लावून दाखव आणि त्यांनाच विचार. ती गेली. बाईंनी मधल्या सुट्टीत प्रयोग करून बघितला म्हणे. मला त्या बाईंचं फार कौतुक वाटलं, कारण अभ्यासक्रम संपवायची घाई त्यांच्याच मानेवर असते.

खरं तर या प्रश्नावर उपाय आपल्याच प्रदेशात, नर्मदेकाठी, शोधला गेला होता. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यात (आताचं नर्मदापुरम) किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी १६ माध्यमिक शाळांत नवीन पद्धतीने विज्ञान शिकवायला सुरुवात केली. हाच होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम, म्हणजे ‘होविशिका’. मुलांनी गटात बसून प्रयोग करायचे आणि निष्कर्षही त्यांनीच काढायचा. परीक्षेत पुस्तक उघडं ठेवायची मुभा होती आणि प्रयोगांचीही परीक्षा होती. १९७८ पर्यंत तो जिल्हाभर पसरला, पुढे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या भोपाळच्या एकलव्य संस्थेने सांभाळला. २००२ मध्ये राज्य सरकारने बंद केला. आमच्या पिढीतल्या इंदूरच्या मुलांना होविशिकाचं नावही माहीत नसतं, याचं मला वाईट वाटतं.

अरविंद गुप्ता तिथलेच. आयआयटी कानपूरचे इंजिनियर, पुण्याच्या टेल्कोत नोकरी; १९७८ मध्ये रजा काढून होशंगाबादला आले आणि गावच्या बाजारात मिळणाऱ्या वस्तू बघत हिंडले. सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी आणि काडेपेटीच्या काड्या जोडून भूमितीचे आकार बनवायची त्यांची युक्ती तिथलीच. पुढे पुण्याच्या आयुकामधल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी वर्षानुवर्षं खेळणी बनवली. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकंही फुकट आहेत, सुट्टीत जरूर बघा.

आता दुसरी वस्तू, कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली. अनेक पुस्तकांत चित्र असतं: बाटलीला एकाखाली एक तीन भोकं, आणि सगळ्यात खालची धार सगळ्यात लांब पडलेली. खोलीबरोबर पाण्याचा दाब वाढतो हे त्यातून शिकवायचं असतं, आणि ते बरोबरच आहे. पण चित्र?

तळापासून ६, १२ आणि १८ सेंटिमीटरवर तापवलेल्या खिळ्याने सारखी भोकं पाडा. हे काम मोठ्यांचं, खिडकी उघडी ठेवून, कारण प्लॅस्टिकचा धूर वाईट. भोकांवर चिकटपट्टी लावा, २४ सेंटिमीटरपर्यंत पाणी भरा, बाटली गच्चीच्या सपाट फरशीवर ठेवा, झाकण काढा आणि पट्टी एका झटक्यात ओढा. पातळी टिकवायला एकाने वरून मगाने पाणी घालत राहायचं. त्या पाण्याखाली तुळशीची कुंडी ठेवलीत तर आजीही खूश.

सगळ्यात लांब मधली धार पडते. वरची आणि खालची जवळपास एकाच जागी. खालच्या धारेचा वेग सर्वांत जास्त खरा, पण फरशी इतकी जवळ की लांब जायला तिला वेळच मिळत नाही. वरचीला वेळ भरपूर, वेग कमी. मधलीला दोन्ही बेताचं.

घरी करून बघाल तेव्हा बाटली फरशीवरून उचलून स्टुलावर ठेवून पुन्हा एकदा करा. तिन्ही धारा फरशीवर कुठे पडतात ते टेपने मोजा, आणि पुस्तकातलं चित्र आता जुळतं का ते पुढच्या अंकाआधी मला कळवा. कचरागाडी यायच्या आत बाटली बाजूला काढून ठेवायला मात्र विसरू नका. आपल्या इंदुरात ती फार वेळेवर येते.